मागून गाडी उचलायची, पण कशाने?

प्रश्न: माझी पिकअप डबल केबिनची आहे, मागे पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) सस्पेन्शन. हौद्यावर कॅनोपी आणि वेल्डिंगचं सामान कायम असतं, सगळं मिळून ३०० किलोच्या आसपास. मागची बाजू आता इतकी बसली आहे की खड्ड्यात बंपस्टॉप (ॲक्सल चेसीवर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) आपटतो. मला ती ५ सेंमी उचलायची आहे. दुकानदार म्हणतो ब्लॉक घाला, मेकॅनिक म्हणतो लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) लावा, मित्र म्हणतो एअरबॅग (पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी) बसव. सर्वांत स्वस्त ब्लॉक आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर: तिघांनी तीन भाग सुचवले, पण गाडीखाली शिरून पाटे कोणी पाहिले का? मी पाट्यांचंच काम करते. 'मागून उचलून द्या' म्हणत येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना उंची नको असते, त्यांचे पाटे थकलेले असतात. रोजच्या रोज ३०० किलो अंगावर घेतलेले मूळ पाटे हळूहळू सपाट होतात. ते बदलले की तुमच्या ५ सेंमीचा बराचसा हिशेब तिथेच मिटण्याची शक्यता आहे.

म्हणून आधी टेप हातात घ्या. गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून बंपरपर्यंत मोजलंत तर टायरची झीज आणि हवा दोन्ही त्या आकड्यात शिरतात. सामानासकट एकदा मोजा, सगळं उतरवून पुन्हा मोजा. डावी आणि उजवी बाजू वेगळी लिहा, पुढची चाकंही सोडू नका. सामान उतरवल्यावर मागची बाजू चांगली वर येत असेल तर पाट्यांत अजून जीव आहे, फक्त या वजनाला ते अपुरे पडतात. रिकामी करूनही ती बसलेलीच राहिली, तर पाटे गेले. तेव्हाच टॉर्च घेऊन सेंटर बोल्टच्या (पाट्यांचा गठ्ठा मधोमध बांधणाऱ्या बोल्टच्या) आसपास तडा आहे का ते बघा, शॅकलचे बुश (सांध्यातले रबर) फाटलेत का तेही बघा. एका बाजूचा पाटा तुटून गाडी तिरकी झालेली असते आणि मालक ब्लॉक शोधत फिरत असतो.

आता ब्लॉक. हा लोखंडी ठोकळा ॲक्सल आणि पाटे यांच्या मध्ये बसतो. त्याने बॉडी वर जाते, पण पाट्यांची ताकद तसूभरही वाढत नाही. तुमचे ३०० किलो पाट्यांना जेवढे वाकवत होते, तेवढेच ब्लॉक घातल्यावरही वाकवतील. आणि ज्या बंपस्टॉपला तुम्ही वैतागला आहात, तो पाट्यांचा रक्षक आहे. पाटे किती वाकू द्यायचे ते त्याच्या आणि ॲक्सलच्या मधल्या फटीवर ठरतं. ५ सेंमीचा ब्लॉक घातला की ती फटही ५ सेंमीने वाढते. आपटण्याचा आवाज बंद होतो, तुम्हाला वाटतं काम झालं, आणि तिकडे थकलेले पाटे त्यांच्या मर्यादेपलीकडे उलटे वाकू लागतात. तुमच्या गाडीत मी ब्लॉक घालणार नाही. पाटे ठणठणीत आहेत आणि फक्त थोडी उंची हवी आहे, अशा गाडीला तो चालतो. तेव्हाही बंपस्टॉप ब्लॉकच्या जाडीइतका खाली आणावाच लागतो. ब्लॉक एकसंध, कास्ट किंवा भरीव लोखंडाचा हवा. पाइपचे तुकडे जोडून केलेला नको, लाकडाचा तर नकोच. एकावर एक दोन ब्लॉक कधीही रचू नका. जोरात ॲक्सलरेटर दिला की ॲक्सल स्वतःभोवती पिळून फिरायला बघतो आणि पाट्यांपासून तो जितका खाली, तितका हा पीळ वाढतो. शिवाय ब्लॉक उपयोगी पडतो तो पाटे ॲक्सलच्या वरून जात असतील तरच. खालून जात असतील तर मध्ये ठोकळा घातल्याने गाडी उलट खाली बसते.

शॅकलबद्दल मेकॅनिकला एवढंच विचारा की ५ सेंमीसाठी तो किती लांब शॅकल लावणार आहे. शॅकल पाट्याचं एकच टोक हलवते आणि ॲक्सल साधारण मधोमध असतो, म्हणून वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते. ५ सेंमी हवेत तर शॅकल १० सेंमीने लांब लागेल. एवढी लांब शॅकल वळणावर बाजूला झुलते, बुश लवकर खाते, आणि पाटे बसलेत ते बसलेलेच राहतात. सेंटिमीटर दोन सेंटिमीटरसाठी ठीक, त्यापुढे मला पटत नाही.

एअरबॅग चांगली वस्तू आहे, पण ती वेगळ्या कामाची. आज रिकामी, उद्या ट्रेलर जोडलेली, अशी गाडी असेल तर हवा कमी-जास्त करून ती समतल ठेवता येते. तुमचं वजन तर हलतच नाही. बॅग चेसीला ज्या एका जागी टेकते, तिथे मोठा भार एकवटतो. पाटे तोच भार पुढच्या आणि मागच्या दोन टोकांना वाटून देतात. मागे जास्त वजन, खराब रस्ता आणि बॅगेत ठासून हवा, एवढं जुळून आलं की चेसी वाकते. रिकाम्या गाडीतही बॅगेत थोडी हवा ठेवावीच लागते, नाहीतर ती घडीत सापडून फाटते.

मग तुमच्यासाठी काय? मोजमापात पाटे थकलेले निघाले तर नवा पूर्ण संच घ्या, आणि घेताना 'जड ड्यूटी' एवढंच सांगून थांबू नका. चांगले संच 'कायमचं वजन किती' या हिशेबाने विकले जातात: रिकाम्यासाठी, कायम ३०० किलोसाठी, त्याहून जास्तीसाठी. कॅनोपी आणि सामान खरोखर तोलून तो आकडा द्या. लोक इथे हौसेने वरचा संच घेतात आणि मग गाडी दगडासारखी उडते, ओल्या रस्त्यावर मागची चाकं पकड सोडतात. उंचीही अशाच संचातून मागा: 'कायम ३०० किलो असताना मूळ उंचीपेक्षा अमुक वर'. पाटे शाबूत निघाले तर एक जादा पाटा घालूनही भागेल. तो लांब, खालच्या पाट्यांच्या चढत्या क्रमात बसणारा घ्या. आखूड, जाड पाटा उंची देतो, पण सगळं वाकणं एका ठिकाणी गोळा करतो. जादा पाट्याला लांब सेंटर बोल्टही लागतो, हे आधीच सांगून ठेवा.

पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवेच घ्या. एकदा पूर्ण ताणले गेलेले पुन्हा वापरायचे नसतात. ते आडवे-तिडवे, थोडे थोडे करत सारखे आवळायचे आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की ते ढिले पडतात. पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल भोकाचे) आणि शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे घट्ट करा. जॅकवर लटकत्या ॲक्सलला केले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. हे सांगूनही गॅरेजमध्ये विसरतात, म्हणून तिथे उभे राहा.

उंची वाढली की आणखी काय ताणलं जातं तेही बघून घ्या. जॅकवर ॲक्सल पूर्ण लटकवला असताना ब्रेकची होज आणि हँडब्रेकची केबल ताठ होता कामा नये, शॉकअप पूर्ण उघडून थांबता कामा नये. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेली एक दांडी चेसीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. बॉडी आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून तो व्हॉल्व्ह वजनाचा अंदाज घेतो आणि मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते, मागचा ब्रेक कमी लागतो, तेही गाडी भरलेली असताना. तुमच्याकडे ती दांडी असेल तर व्हॉल्व्ह जुळवून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

मागून ५ सेंमी आणि व्हीलबेस ३ मीटर म्हटलं तर गाडी सुमारे १ अंशाने पुढे झुकते. हेडलाइटचा झोत १० मीटरवर साधारण १७ सेंमी खाली पडतो, तो जुळवून घ्या. पुढचा कॅस्टरही (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे कललेला कोन) तेवढाच कमी होतो, स्टिअरिंग वळणावरून सरळ यायला आळस करतं. अलाइनमेंट करूनच घ्या. बसलेली गाडी मूळ उंचीवर येणार असेल तर हे सगळं उलट सुधारतंच. विमा कंपनीला आणि वाहन नोंदणीच्या ठिकाणी बदल चालतो का, हे भाग घेण्याआधी विचारा.

प्रश्न: मी १० सेंमी लांब शॅकल लावून घेतली. आता ठरावीक वेगाला मागून घरघर येते, सीटखाली कंप जाणवतो. चाकं बॅलन्स केली, फरक नाही.

उत्तर: चाकांचा दोष नसावा. शॅकल पाट्यांच्या मागच्या टोकाला असेल, तर ती लांब झाल्याने पाट्यांचा मागचा डोळा चेसीपासून खाली गेला आणि त्यांच्याबरोबर ॲक्सल फिरून डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) शाफ्टकडचं नाक वर झालं. पाटे १.२५ मीटर लांब धरले तर १० सेंमीत हा फरक साडेचार अंशांच्या आसपास येतो. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) जवळपास सारख्या कोनात असले तरच एकाची वेगातली चढउतार दुसरा खोडून काढतो. मोठ्या वेगाला हे कोन ३ अंशांच्या आत ठेवलेले बरे. तुमच्याकडे दोन्ही टोकं जुळत नाहीत, म्हणून शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका बसतो.

माझा सल्ला, ती शॅकल काढा. तिच्यासाठीच अडून बसला असाल तर ॲक्सल आणि पाट्यांमध्ये लोखंडी पाचर घाला. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर जाड बाजू पुढे, म्हणजे नाक खाली येईल. आधी कोनमापक लावून गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियल तिन्हींचे कोन लिहा, पाचर त्या आकड्यावर निवडा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचा कोनही त्यात धरा. कंप सहन करत गाडी चालवत राहू नका, क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर आपटतो.

प्रश्न: जड पाटे घातल्यावर जास्त माल नेता येईल ना?

उत्तर: नाही. कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा पाट्यांवर एकट्याने ठरत नाही; ॲक्सल, बेअरिंग, चाकं, टायर, ब्रेक आणि चेसी यांचाही त्यात हिशेब असतो. त्यातलं तुम्ही काहीच बदललेलं नाही. उलट मागची बाजू बसत नाही म्हणून जास्त भरलेलं डोळ्यांना कळणार नाही, तेव्हा भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या आणि मागचा ॲक्सल वेगळा तोलून घ्या.