साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका आणि साहित्य जवळपास नाही: नव्या चित्रकला शिक्षकाने सुरुवात कशी करावी?

आपण प्रश्नात लिहिले आहे की एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) पूर्ण करून आपण यंदाच एका ग्रामीण माध्यमिक शाळेत रुजू झालात, वर्गात 60 मुले आहेत, चित्रकलेसाठी वेगळी खोली नाही, ‘सर, तुम्ही फळ्यावर काढा, आम्ही उतरवतो’ यापलीकडे मुले जात नाहीत आणि घटक चाचणी जवळ आली की आपली तासिका गणिताकडे जाते. अशा नोकरीत राहण्यात काही अर्थ आहे का, असा आपला प्रश्न आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 31 वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो. अर्थ आहे आणि पुष्कळ आहे. आपण वर्णन केलेली प्रत्येक अडचण मी अनुभवलेली असल्यामुळे हे धीर देण्यापुरते म्हणत नाही.

पहिली गोष्ट साहित्याची नाही, आपल्या हाताची आहे. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवू नका. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तालुका पातळीवरच्या एका स्पर्धेसाठी सातवीतल्या एका मुलीचे चित्र पाठवायचे होते. विषय होता ‘आमच्या गावचा बाजार’. तिने भाजीवाली पाठमोरी काढली होती, कारण दर सोमवारी ती स्वतः आईच्या मागे पोत्यावर बसत असे आणि बाजार तिला आईच्या खांद्यावरूनच दिसत असे. मला त्या वेळी ते उमगले नाही. मी ती भाजीवाली खोडून समोर तोंड करून बसवली, तराजू सरळ केला, पदराला चुण्या घातल्या. चित्राला दुसरे बक्षीस मिळाले. परिपाठात मिळालेले प्रमाणपत्र मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, ‘सर, हे तुमचं आहे.’ तिच्या आवाजात राग नव्हता, ती एक वस्तू ज्याची त्याला परत करत होती. पुढच्या 28 वर्षांत मी कोणत्याही मुलाच्या कागदावर रेघ ओढली नाही. काही दाखवायचे असेल तर माझ्या स्वतःच्या वहीत किंवा फळ्यावर दाखवायचे, आणि दाखवून झाले की मुलांनी पाहून उतरवण्याआधी पुसून टाकायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

‘फळ्यावर काढा’ ही मागणी आळसातून येते असे समजू नका. साधारण नऊ ते बारा या वयात मुलांना चित्र ‘खऱ्यासारखे’ दिसावे असे तीव्रतेने वाटू लागते, डोळ्याची अपेक्षा हाताच्या पुढे जाते, आणि पहिलीत बिनधास्त आकाश रंगवणारे मूल पाचवी-सहावीत ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणू लागते. त्या भीतीवर त्यांनी एक सुरक्षित उपाय शोधलेला असतो: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर नारळाचे झाड आणि एक झोपडी. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरने पाणी येत असे आणि नारळ देवळापुरता माहीत होता, तरी चित्रात नदी आणि नारळ ठरलेला. त्याला रागावून उपयोग नसतो. मी वर्ग बाहेर काढून मैदानातल्या कडुनिंबाखाली नेत असे आणि एवढेच विचारत असे की खोडाचा रंग कोणता. सगळे एकसुरात ‘चॉकलेटी’ म्हणत, कारण रंगपेटीत खोडाची कांडी ती असते. मग हात लावून, जवळ जाऊन पाहायला सांगितले की पहिला कोणीतरी हळूच ‘राखाडी’ म्हणे, दुसरा ‘काळपट’ म्हणे, एखादी मुलगी सालीच्या भेगांतला तांबूस रंग दाखवी. ही दहा मिनिटे हाच खरा चित्रकलेचा तास असतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

पाहायला शिकवण्याचा माझा सर्वांत आवडता पाठ तांब्याचा आहे आणि तो आपण पहिल्या महिन्यातच घ्यावा. एक पितळी तांब्या किंवा स्टीलचा पेला घ्या. मुलांना तो काढायला सांगितला की तोंडाशी लांबट गोल आणि तळाशी पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ येते, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे त्यांना ठाऊक असते आणि ती ठाऊक असलेली गोष्ट काढतात. आता पेला प्रत्येक रांगेसमोर मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर धरा. तोंडाची कड केवळ एक रेघ दिसेल. पेला हळूहळू खाली न्या. ती रेघ उघडत जाते, डोळा मिटलेला असावा आणि उघडावा तशी, आणि जितका पेला खाली तितकी ती अधिक गोल होते. याच वेळी विचारा की तळ डोळ्यांपासून तोंडापेक्षा खाली आहे, मग त्याची कड तोंडापेक्षा जास्त गोल हवी की कमी. उत्तर मुलांकडून आले पाहिजे. माझ्या एका वर्गात मागच्या बाकावरचा, एरवी वहीच न आणणारा मुलगा जागेवरून उठून पेल्याच्या बरोबरीने स्वतःच खाली वाकत गेला आणि म्हणाला, ‘सर, म्हणजे मी हललो तरी चित्र बदलतं.’ त्याला यथार्थदर्शन (पाहणाऱ्याच्या जागेवरून वस्तू जशी दिसते तशी काढणे) हा शब्द मी पुढे दोन वर्षांनी शिकवला, पण त्यातले मर्म त्याने त्या दिवशी स्वतः हस्तगत केले होते.

साठ मुलांसमोर एकच वस्तू ठेवू नका, मागच्यांना ती दिसत नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बाके थोडी सरकवून सहा-सहा, आठ-आठ मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाच्या मध्ये एक वस्तू ठेवा: कांदा, वांगे, मडके, चप्पल, दप्तर. ज्या मुलाला जी बाजू दिसते तीच त्याने काढायची, म्हणजे शेजाऱ्याचे चित्र पाहून उतरवणे आपोआप निरर्थक होते. शक्य असेल तर आठवड्यातल्या दोन सुट्या तासिकांऐवजी एक जोडतासिका मागा. पस्तीस मिनिटांत रंगकाम होत नाही. पाणी आणण्यात, सांडण्यात आणि पुसण्यातच ती संपतात.

साहित्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ नवे शिक्षक इथेच अडतात. साठ रंगपेट्यांची वाट पाहू नका. शाळेच्या किरकोळ खर्चातून पोस्टर रंगाच्या चारच मोठ्या बाटल्या घ्यायला मुख्याध्यापकांना सांगा: लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा. जांभळा करताना लालसाठी क्रिमसनच घ्या, कारण व्हर्मिलियनमध्ये (शेंदरी लाल रंगात) पिवळ्याकडे झुकणारी छटा असते आणि ती निळ्यात मिसळली की जांभळ्याऐवजी मातकट रंग तयार होतो. मुलांना हे आधी सांगू नका, दोन्ही करून पाहू द्या. काळा रंग मी मुद्दाम घेत नसे. तिन्ही रंग एकत्र करून गडद रंग बनवताना मुले इतक्या छटा शोधतात की कंपनीच्या बाटलीतला काळा त्यांना नंतर निर्जीव वाटतो. रंग आपण स्वतः चमच्याने आइस्क्रीमच्या झाकणांत वाढा, प्रत्येक रांगेतल्या एकाकडे पाणी आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा सोपवा, आणि शेवटची सात मिनिटे आवरण्यासाठी राखून ठेवा. पुढच्या तासाच्या शिक्षकांना ओले बाक मिळाले तर आपल्या विषयाची तक्रार होते, आणि ती रास्त असते.

तेवढेही नसेल तर जमीन आहे. गेरू, पिवळी माती, चुलीतला कोळसा आणि हळद बारीक वाटून, वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवली की रंग तयार होतो. हळदीच्या रंगात टाचणीच्या टोकाएवढा खायचा चुना आपण स्वतः मिसळून दाखवा (चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यांत गेला तर इजा होते). पिवळा रंग पाहता पाहता लाल होतो आणि वर्ग स्तब्ध होतो. कुंकू पारंपरिक पद्धतीने कसे बनत असे, हे तिथेच सांगता येते. हळदीचा रंग उन्हात काही दिवसांत उडतो आणि गेरूचा मात्र टिकतो, कारण गेरू म्हणजे लोहाची खनिज माती. दोन्ही रंगांचे कागद खिडकीत चिकटवून ठेवले तर विज्ञानाचे शिक्षकही पाहायला येतात. तुरकाठ्यांचे बोटभर तुकडे झाकणबंद पत्र्याच्या डब्यात भरून, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडून, घरी चुलीवर डबा तापवला की रेखाटनासाठी उत्तम कोळसा मिळतो. कागदासाठी जुन्या दिनदर्शिका, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आणि बँकांतले एका बाजूने वापरलेले कागद मी वर्षानुवर्षे जमवले.

वारली चित्रांचा उल्लेख करावासा वाटतो, कारण त्रिकोणांची माणसे काढून किनार भरणे हा हल्ली शाळांमध्ये सोपा पाठ झाला आहे. वारली समाजातल्या स्त्रिया लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचे चौकोनी चित्र) काढत. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तीच भाषा कागदावर आणली, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना तारपा नाच (तारपा या वाद्यावर केला जाणारा नाच) उतरवायला देण्यापेक्षा हे दाखवा की या चित्रांत शेत, शिकार, मासेमारी, झाड, मुंगी असे त्या लोकांचे रोजचे जगणे आहे. मग विचारा की आपल्या गावात रोज काय चालते. माझ्या वर्गात द्राक्षबागेतली फवारणी, एसटीची वाट पाहणारी माणसे आणि टँकरभोवतीच्या घागरी अशी चित्रे निघाली, आणि ती कोणाचीही नक्कल नव्हती.

शासकीय रेखाकला परीक्षांना मुले अवश्य बसवा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांमुळे पालकांना विषयाचे मोल पटते, शिवाय इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने मुख्याध्यापकही जादा तासांना परवानगी देतात. या परीक्षांतल्या स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, तीन ठरलेली चित्रे पाठ करून घेण्याची पद्धत मात्र अंगीकारू नका. विषय थोडा बदलला की ती मुले कोलमडतात. त्याऐवजी रोज एका मुलाला दोन मिनिटे उभे करा, घागर उचलताना, सायकल धरताना, झाडू मारताना, आणि बाकीच्यांनी वहीच्या पाव पानात तो रेखाटायचा. दिवाळीपर्यंत प्रत्येकाकडे शेकडाभर माणसे जमतात आणि स्मरणचित्राची धास्ती उरत नाही.

तासिका जाण्याबद्दल: भांडण करू नका, पण मुकाट्यानेही देऊ नका. जूनमध्येच वार्षिक नियोजन लेखी देऊन मुख्याध्यापकांची सही घ्या, आणि तासिका दिली तर ती त्याच पंधरवड्यात परत मागा. व्हरांड्यात एक दोरी बांधून दर सोमवारी नवी चित्रे लावा. जे काम सगळ्यांना दिसते ते सहज काढून घेता येत नाही. फलकलेखन, प्रमाणपत्रांवरची नावे, स्नेहसंमेलनाचा पडदा ही कामे आपल्याकडेच येणार. ती नाकारण्यापेक्षा आठवी-नववीच्या दहा मुलांचा सुलेखन गट तयार करा, म्हणजे त्यांचा हात बसेल आणि आपली तासिका वर्गाला मिळेल.

वही तपासताना नुसते ‘छान’ लिहू नका, त्यातून मुलाला काहीच कळत नाही. ‘म्हशीचे मागचे पाय नीट पाहून काढले आहेस’ असे एक नेमके वाक्य पुरते. एखादा मुलगा सतत पाने तपकिरी आणि माती हिरवी रंगवत असेल तर इतरांना त्याला हसू देऊ नका आणि निष्काळजीही ठरवू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त आढळतो, आणि तो पहिल्यांदा आपल्याच तासाला लक्षात येण्याचा संभव असतो. पालकांना बोलावून शांतपणे सांगा आणि रंगाच्या कांड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून द्या.

वर्षातून एकदा मुलांना मूळ चित्रे दाखवायला न्या. आमच्या भागातून सातारा जिल्ह्यातले औंध सोयीचे होते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि टेकडीवरच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात त्यांनी जमवलेल्या संग्रहात राजा रविवर्म्याची तैलचित्रे आहेत, तसेच हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. मुलांना सगळी दालने धावत दाखवू नका. प्रत्येकाने एकच चित्र निवडून त्यासमोर दहा मिनिटे बसायचे आणि परत आल्यावर त्यातले काय आठवते ते काढायचे, असे सांगा. त्या दहा मिनिटांत आपणही आपली वही उघडा. शिक्षक स्वतः रेखाटताना, खोडताना आणि पुन्हा काढताना मुलांना दिसला पाहिजे. मी एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना रोज दोन-तीन माणसे रेखाटत असे, आणि माझ्या फसलेल्या पानांसह ती वही वर्गात टेबलावर उघडी ठेवत असे. मुले ती माझ्या नकळत चाळत असत.

आपल्या शाळेत येत्या आठवड्यापासूनच करता येईल असे एक काम सांगतो. प्रत्येक मुलाला कोरा कागद द्या, ‘आज शाळेत येताना पाहिलेले काहीही’ एवढाच विषय द्या, मदत करू नका, गुण देऊ नका, मागे तारीख घालून तो गठ्ठा कपाटात ठेवा. मार्चमध्ये तोच विषय पुन्हा द्या आणि दोन्ही कागद त्या मुलाच्या हातात शेजारी शेजारी ठेवा.