वाचकांचे प्रश्न : कोयनेचे संच दिवसभर का चालवत नाहीत?

प्रश्न : कोयनेचे पाणी फुकट आहे, मग तिथले संच दिवसभर चालवण्याऐवजी संध्याकाळी जोरात चालवून दुपारी कोळशाची केंद्रे का सुरू ठेवतात? आमच्या राधानगरीच्या वीजगृहालाही हाच नियम लागू आहे का?
— एक शेतकरी वाचक, करवीर, जि. कोल्हापूर

उत्तर : पाणी फुकट असले तरी मोजके आहे, आणि सगळे गणित त्यातूनच सुरू होते. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. परंतु कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली असून, १ जून ते ३१ मे या जलवर्षात तेवढ्यावरच भागवावे लागते. त्यामुळे नियोजनकाराने विचारायचा प्रश्न ‘पाण्याला किती पैसे पडतात?’ हा नसून ‘हे पाणी कोणत्या तासाला खर्चावे?’ हा आहे.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. दिवसाच्या वाट्याच्या पाण्यातून १०० युनिट वीज होते आणि ती नसती तर दुपारी ३, सकाळी ५ व संध्याकाळी ८ रुपये युनिटने दुसरीकडून घ्यावी लागली असती. सर्व पाणी दुपारी वापरले तर ३०० रुपये वाचतात. संध्याकाळी संचांच्या क्षमतेमुळे ७० युनिटच काढता येत असतील, तर उरलेले ३० सकाळी काढून ५६० अधिक १५०, म्हणजे ७१० रुपये वाचतात. आणखी एका युनिटाचे पाणी मिळाले तर ते सकाळीच वापरता येईल, म्हणून त्याचे मोल ५ रुपये. अठराव्या शतकातील गणितज्ञ लाग्रांज यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणक तो हाच, आणि माझ्या मते वीजनियोजनाच्या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे, कारण बाजारात किंमत नसलेल्या पाण्यालाही ती किंमत देते.

कोळशाच्या संचाची अडचण निराळी आहे. तो थंड झाल्यावर पुन्हा तापायला कित्येक तास लागतात, म्हणून संध्याकाळी हवा असलेला संच दुपारी बंद न करता कमी भारावर चालवतात. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत भार उचलतो. कोणता संच चालू आणि कोणता बंद, हे ठरवणे फार किचकट असते : ३० संच असतील तर एका वेळेचेच पर्याय १०७ कोटींहून अधिक होतात, आणि आपल्याकडे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ टप्पे आखावे लागतात. सर्व पर्याय तपासणे अशक्य असल्याने, ज्या गटातून अधिक स्वस्त उत्तर निघणारच नाही असे सिद्ध होते, तो गट संगणकी पद्धती न मोजताच वगळतात.

राधानगरीचे वीजगृह याहून बरेच लहान आहे आणि तिथे प्राधान्य सिंचनाला असते. बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत भोगावती नदीतून पाणी पोहोचवायचे असते, त्यामुळे वीज विसर्गाच्या वेळापत्रकामागून येते. भर पावसात धरण काठोकाठ भरले की न वापरलेले पाणी दरवाजांतून वाहूनच जाणार असते. तेव्हा त्याचे मोल शून्यावर येते आणि संच रात्रंदिवस चालवणेच योग्य ठरते. कोयनेत मात्र धरण भरले तरी पश्चिमेकडच्या ६७.५ टीएमसीची मर्यादा सुटत नाही, म्हणून तिथे ऐन ऑगस्टमध्येही हात राखूनच पाणी वळवावे लागते.