दोनदा हवालदार

प्रश्न : जयभीम ताई. मी उत्तर नागपूरची, एका प्रायव्हेट बँकेत कामाला आहे. माझे बाबा मागच्या वर्षी गेले. आता पहिला स्मृतिदिन आहे आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायला दोन पानांचं काहीतरी छापायचं असं घरात ठरलं, लिहायचं काम माझ्या गळ्यात, कारण काय तर मी शिकलेली. बाबा 1983 ला महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, श्रीलंकेत जाऊन आले, 17 वर्षांनी हवालदार म्हणून घरी आले, मग 2001 ला पोलिसात शिपाई लागले आणि 2022 ला परत हवालदार म्हणूनच रिटायर झाले. बस, एवढंच माहीत आहे. ते बोलायचेच नाही. काकांनी एक मजकूर लिहून दिला, त्यात 'शत्रूचा कर्दनकाळ', 'गुन्हेगारांचा थरकाप उडवणारे' असं आहे, आणि मेजर परमेश्वरन यांच्या खांद्याला खांदा लावून लढले असंही टाकलंय. मला त्यात बाबा दिसतच नाही. माझे बाबा म्हणजे दर रविवारी ब्रासो लावून बक्कल घासणारे, जेवताना मूडमध्ये असले की आईला 'तन्नी दे' म्हणणारे, आम्हाला वाटायचं त्यांनीच बनवलेला शब्द आहे. काय लिहू? आणि त्यांची वर्दी पडून आहे, तिचं काय करायचं? त्यांची फौजेतली काळी पेटी तर भाऊ रंगवून गाद्या ठेवायला घेतो म्हणतोय.

उत्तर : जयभीम. तुला तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या पुतणीएवढी असशील.

आधी तो शब्द. तन्नी त्यांनी बनवलेला नाही ग, तमिळ आहे. तण्णी म्हणजे पाणी. श्रीलंकेच्या उत्तरेला, तमिळ लोकांच्या जाफन्याकडे गेलेल्या जवानांना गावातल्या लोकांशी बोलायला हिंदी चालायची नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही, मग जे दोन-चार शब्द लागायचेच त्यातला हा पहिला. आता विचार कर, जुलै 1987 ला भारत आणि श्रीलंकेचा करार झाला, आपली फौज शांतिसेना म्हणून तिकडे गेली, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत ज्या तमिळांना सांभाळायला गेलो त्यांच्यातल्याच वाघांशी, म्हणजे वेगळा देश मागणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी, लढाई जुंपली. ऑपरेशन पवन म्हणतात ते हेच. अकराशेच्या वर जवान गेले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेलेसुद्धा नाहीत, म्हणजे तिकडचे लोक नाराज आणि इकडे आपल्या माणसांनाही कौतुक नाही. कारगिलवाल्याला शाळेत भाषणाला बोलावतात, श्रीलंकेवाल्याला कोण बोलावतं? असं झाल्यावर माणूस घरी येऊन काय सांगेल. तुझ्या बाबांनी एक शब्द तेवढा घरात येऊ दिला, मी तर सुरुवात त्यानेच केली असती.

काकांना दुखवू नको, पण परमेश्वरन यांचं वाक्य काढ. मेजर रामास्वामी परमेश्वरन 8 महारचे. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात झाला, छातीत गोळी लागल्यावरही ते लढत राहिले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेतलं ते एकमेव. पण महार रेजिमेंट म्हणजे एक पलटण नाही, बऱ्याच बटालियन आहेत. बाबांची कोणती होती हे त्यांच्या डिस्चार्ज बुकात असतं, भरतीची तारीख, नंबर, मेडलं, कॅरेक्टर सगळं त्यात. मेडलंही हातात घेऊन बघ, समोरून नाही, कडेला. आपल्याकडे मेडलच्या कडेवर त्या जवानाचा नंबर, रँक आणि नाव ठोकलेलं असतं. बुकातली शॉर्टफॉर्मं कळली नाहीत तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे माजी सैनिकच बसलेले असतात, वाचून देतील. आणि समजा निघालीच 8 महार, तरी 'त्या बटालियनमध्ये होते' एवढंच लिही. त्या रात्री ते कुठे होते हे तुला माहीत नाही आणि काकांना तर नाहीच नाही.

पण तुझ्या पत्रात मला जे खरं दिसलं ते वेगळंच आहे आणि तू ते एका ओळीत उरकून टाकलंस. हवालदार म्हणून आले, शिपाई लागले. बाई, थांब ना जरा तिथे! फौजेत हवालदार म्हणजे दंडावर तीन फिती, हाताखाली दहा-बारा पोरं, त्यांच्या सुट्टीपासून रायफलीपर्यंत सगळं तो बघतो. तो माणूस पस्तिशी ओलांडल्यावर वीस-बावीस वर्षांच्या पोरांसोबत मैदानात उभा राहतो, दंडावर काहीच नाही, आणि समन्स वाटायला, गार्ड ड्युटीला, पंच शोधायला लागतो. माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे, नोकरी मिळते, पण सर्व्हिस शून्यापासून. त्या तीन फिती परत मिळवायला किती वर्षं लागली हे पोलिसातल्या सेवापुस्तकात सापडेल. त्यात बक्षिसं असतात तशा शिक्षाही असतात, एखादी दिसली तर घाबरू नको.

माझा एक मामा असाच, फौजेतून पोलिसात आलेला. नव्या ठाण्यात एक साहेब त्याला नावाने हाक मारायचाच नाही, 'ओ मिल्ट्री' म्हणायचा, आणि मामा दरवेळी 'जी साहेब' म्हणून उभा. घरी येऊन मात्र बुटांवर राग काढायचा, एवढं पॉलिश की तोंड दिसेल. हिवाळी अधिवेशनात त्याची ड्युटी मॉरिस कॉलेज टी पॉइंटला लागली की तो आदल्या संध्याकाळी सायकलने तिथे जाऊन यायचा. मामी म्हणायची काहून जाता उगीच, उद्या जायचंच आहे ना. तो जाऊन गर्दी बाहेर काढायला किती वाटा आहेत ते मोजून यायचा. तिथेच 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं किती होती. मामा तेव्हा फौजेत होता, पण इथे पोलिसात आल्यावर ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. हे आम्हाला त्याने सांगितलं नाही बरं का, तो गेल्यावर त्याच्यासोबत ड्युटी करणाऱ्या एका जोडीदाराने सांगितलं.

तर तूही बाबांचे असे जोडीदार शोध. एक फौजेतला, एक-दोन पोलिसातले, आणि ठाण्यासमोरचा चहावाला विसरू नको, त्याला सगळं माहीत असतं. फक्त 'बाबा कसे होते' असं विचारू नको, सगळे 'देवमाणूस' म्हणतील आणि तू आणखी एक काका होशील. नाईटला डब्यात काय आणायचे, कोणासोबत पटायचं नाही, कशावरून चिडायचे, पहिल्या बंदोबस्ताला काय झालं, असं विचार. आणि आईला विचार की 2001 च्या त्या भरतीचा फॉर्म कोणी आणला, घरात काय बोलणं झालं. फॉर्म आईनेच आणला असेल असं मला उगाच वाटतंय. दोन पानं भरून उरेल बघ.

वर्दीचं सोपं आहे. भंगारात किंवा कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला अजिबात देऊ नको. वर्दी घालून लोकांना लुबाडणारे असतात, तो गुन्हा आहे, पण कपडा तुमच्या घरून गेलेला नको. बिल्ले, नेमप्लेट, बेल्ट काढून ठेव, बाकीचं ठेवायचं नसेल तर फाडून टाक. बक्कल आता कोण घासतं तुमच्याकडे? तूच घास.

पेटीला मात्र भावाला हात लावू देऊ नको. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव असेल. फौजी लोक प्रमोशन झालं की जुन्या रँकवर काळा रंग मारून तिथेच नवीन रँक लिहितात. रात्री लाईट बंद करून टॉर्च झाकणाला आडवा लावून बघ, हवालदारच्या खाली नायक दिसेल, त्याच्या खाली कदाचित 1983 चा शिपाईसुद्धा. गाद्यांसाठी भावाला इतवारी बाजारातून नवीन पेटी घेऊन दे.