पोकरमध्ये छोट्या जोड्या फ्लॉपच्या आधी कशा खेळाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, नो-लिमिट होल्डममध्ये (प्रत्येकाची दोन पाने, टेबलावर पाच सामाईक पाने आणि पैजेला मर्यादा नाही असा पोकर) दुर्रीपासून छक्कीपर्यंतची जोडी हातात आली की आपण प्रत्येक वेळी फ्लॉप (एकदम उघडली जाणारी पहिली तीन सामाईक पाने) पाहता, आणि तरीही या हातांवर आपले सातत्याने नुकसान होते. उदाहरणादाखल आपण एक हात दिला आहे. सहा जणांच्या टेबलावर सर्वांकडे 100 बिग ब्लाइंड होते (दोन जागांना आधीच सक्तीने घालाव्या लागणाऱ्या रकमांपैकी मोठी, दुसरी तिच्या निम्मी; पुढचे सर्व आकडे याच मापात). पहिल्या जागेवरून 3 बिग ब्लाइंडचा रेझ (वाढवलेली पैज) आला, आपण बटनावरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळणाऱ्या जागेवरून) पंजीच्या जोडीने कॉल केला (तेवढीच रक्कम घातली), मग बिग ब्लाइंडमधील खेळाडूने तो रेझ 12 पर्यंत वाढवला, पहिला खेळाडू बाहेर पडला आणि आपण पुन्हा कॉल केला. फ्लॉपवर पंजी आली नाही आणि आपण फोल्ड केले (पाने टाकली). माझ्या मते पहिला कॉल बरोबर होता आणि दुसरा चुकीचा. दोन्ही वेळी पाने तीच होती. बदलले ते पुढे किती जिंकता येईल याचे गणित, आणि छोट्या जोडीचे मोल त्या गणितावरच ठरते.

हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट (जोडीच्याच क्रमांकाचे तिसरे पान) किंवा त्याहून चांगले काही लागण्याची शक्यता 11.76 टक्के असते, म्हणजे साडेआठ वेळांतून साधारण एकदा. उरलेल्या वेळी पंजीच्या जोडीची अवस्था बिकट असते, कारण फ्लॉपच्या तीन पानांत पाचापेक्षा मोठे एकही पान नसण्याची शक्यता 2 टक्क्यांपेक्षाही कमी आहे. म्हणून कॉल करताना हिशेब असा मांडावा की, सेट लागला नाही तर घातलेल्या चिप्स गेल्या आणि लागला तर त्या एका वेळेने आधीच्या सर्व वेळांची भरपाई केली पाहिजे.

आपल्या पहिल्या कॉलला हा हिशेब लावून पाहू. दोन्ही ब्लाइंड बाहेर पडतील असे धरले, तर आपण 3 घालता आणि पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या रकमेत) त्याआधीचे 4.5 असतात. केवळ सेटच्या बळावर बरोबरीत सुटायचे असेल, तर सेट लागलेल्या प्रत्येक वेळी, त्यामागच्या साडेसात अपयशांचे प्रत्येकी 3 भरून काढायला, सरासरी 22.5 मिळायला हवेत. त्यांतील 4.5 आधीच पॉटमध्ये असल्यामुळे फ्लॉपनंतर समोरच्याकडून सरासरी 18 यायला हवेत. 7.5 च्या पॉटमध्ये फ्लॉपवर 5 आणि टर्नवर (चौथ्या सामाईक पानावर) 13 अशा दोन बेट त्याने स्वीकारल्या की ही रक्कम पूर्ण होते. हे अशक्य नाही, पण वाटते तितके सोपेही नाही, कारण एक्का-राजा घेऊन बसलेला खेळाडू फ्लॉप चुकल्यावर बहुधा पहिल्याच बेटला पाने टाकतो, आणि क्वचित आपला सेटही हरतो. कॉलच्या रकमेच्या निदान 15 ते 20 पट चिप्स मागे असाव्यात हा जो नियम अनुभवी खेळाडू सांगतात, त्यामागचे कारण हेच आहे. मागे किती उरले हे मोजताना दोघांपैकी ज्याचा स्टॅक (समोरच्या एकूण चिप्स) लहान, तोच धरायचा असतो, ही गोष्ट नवखे खेळाडू फार सहज विसरतात.

आता दुसरा कॉल पाहा. पॉटमध्ये 18.5 आहेत, आपल्याला आणखी 9 घालायचे आहेत आणि त्यानंतर प्रत्येकाकडे 88 उरतात. याच रीतीने हिशेब केला, तर सेट लागलेल्या प्रत्येक वेळी समोरच्याच्या उरलेल्या 88 पैकी सरासरी 49 आपल्याला मिळाले पाहिजेत. त्याच्याकडे दर वेळी एक्क्यांची किंवा राजांची जोडी असती, तर तेही जमले असते. पण अशा रेझमागे एक्का-राजा, एक्का-राणी आणि काही निव्वळ बतावणीचे हातही असतात, आणि ते हात निम्म्याहून अधिक स्टॅक देत नाहीत. स्टॅक 250 असते तर मी कॉल केला असता. 100 वर मी पाने टाकतो.

यातून एक गोष्ट निघते, जी समजायला मला स्वतःला बराच काळ लागला. सुरुवातीला मी बटनावरून सैल रेझ करणाऱ्यांविरुद्ध छोट्या जोड्या उत्साहाने कॉल करीत असे आणि पहिल्या जागेवरून रेझ करणाऱ्या कडक खेळाडूला घाबरून सोडून देत असे. हे अगदी उलटे होते. सैल खेळाडूच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसते, त्यामुळे आपला सेट लागतो तेव्हा त्याच्याकडे पैसे देण्याजोगे कारण नसते. कडक खेळाडूकडे मात्र टाकणे जिवावर येईल अशी मोठी जोडी असण्याचा संभव जास्त असतो, आणि सेटला पैसे त्याच्याकडूनच मिळतात. म्हणून कॉल करण्यापूर्वी मागच्या चिप्सइतकाच विचार त्या चिप्स कोणाच्या हातात आहेत याचाही करावा.

आपल्या मागे बसलेल्यांकडेही लक्ष असू द्यावे. वारंवार पुन्हा रेझ करणारे खेळाडू मागे असतील, तर कॉल केलेले 3 अनेकदा फ्लॉप न पाहताच सोडावे लागतात आणि वरचे गणित कोलमडते. लहान रकमेच्या खेळात प्रत्येक पॉटमधून कापला जाणारा रेकही (खेळ चालवणाऱ्याचा वाटा) जिंकलेली रक्कम कमी करतो. बिग ब्लाइंडमध्ये मात्र मी अधिक सैल राहतो. तिथे एक ब्लाइंड आधीच घातलेला असतो, आणि बटनाच्या 2.5 च्या रेझला फक्त 1.5 अधिक घालून कृती तिथेच संपते.

आपल्या आधी कोणीच खेळात आले नसेल, तर प्रश्न वेगळा होतो. बटनावरून किंवा त्याच्या लगतच्या जागेवरून मी सर्व जोड्यांनी स्वतः रेझ करतो, कारण तिथे सर्वांनी फोल्ड केल्यावर ब्लाइंड मिळणे हाही नफ्याचा एक भाग असतो. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून दुर्री, तिर्री आणि चव्वीची जोडी मी टाकून देतो. नुसता लिम्प (रेझ न करता बिग ब्लाइंडएवढीच रक्कम घालणे) मी फक्त माझ्या आधी दोघा-तिघांनी लिम्प केले असेल आणि टेबल शांत असेल तेव्हाच करतो.

टूर्नामेंटमध्ये स्टॅक 20 बिग ब्लाइंडवर आला की सेटसाठी कॉल करणे पूर्णपणे बंद करावे. 2.2 चा कॉल केल्यावर मागे जेमतेम आठपट उरते. अशा वेळी पहिल्या जागेवरच्या रेझला मी फोल्ड करतो, आणि शेवटच्या जागांवरून सैल रेझ करणाऱ्याविरुद्ध ऑल-इनचा (सर्व चिप्स लावण्याचा) विचार करतो. स्टॅक 10 च्या आसपास असताना बटनावर दुर्रीची जोडी आली आणि आधी सर्वांनी फोल्ड केले असेल, तर मी थेट ऑल-इन जातो. एक्का-राजाविरुद्ध ती किंचित पुढे असते, एकाच रंगाच्या गुलाम-दश्शीविरुद्ध किंचित मागे, आणि मोठ्या जोडीविरुद्ध पाचांतून जेमतेम एकदा जिंकते. पण कोणीच कॉल केला नाही, तर ब्लाइंडचे दीड मिळून स्टॅक 15 टक्क्यांनी वाढतो, आणि अँटी (सर्वांनी आधीच घालायची छोटी रक्कम) असेल तर त्याहून जास्त. तेवढ्याच स्टॅकने दुसऱ्याच्या ऑल-इनला दुर्रीच्या जोडीने कॉल करताना मात्र हा फायदा नसतो, म्हणून तिथे मी बहुतेक वेळा पाने टाकतो.