घरी किटचं विमान बांधताना आधी फ्युजलाज केलं तर चालेल का?

प्रश्न असा आहे की किट घरी बांधायचं, पुस्तिकेत आधी शेपटी, मग पंख, मग फ्युजलाज (विमानाचं मधलं धड) असा क्रम आहे, पण फ्युजलाज आधी केलं तर समोर काहीतरी विमानासारखं दिसेल आणि हुरूप टिकेल.

चालेल. पण कारण चुकीचं आहे. याच हुरुपापायी लोक इंजिनही आधी आणून ठेवतात, आणि त्यावरून मी आजवर पुष्कळ भांडलोय. क्रम ठरवताना मी एकच बघतो: कुठला सांधा बंद झाला की आत हात जाणार नाही?

शेपटी आधी असते ती पत्रा खराब झाला तर थोडक्यात निभावतं म्हणून. स्पार (लांबीभर जाणारी मुख्य तुळई), रिब (आडव्या फासळ्या), डिंपल (रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून पाडलेला खळगा), चपट्या डोक्याचे रिव्हेट, सगळं तिथे छोट्या मापात येतं. १/८ इंची रिव्हेट चेपल्यावर त्याचं डोकं दीडपट, म्हणजे ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच यायला हवं, हे हाताला तिथेच बसतं. रडरची (शेपटीच्या उभ्या सुकाणूची) मागची कड एका टोकापासून सरळ रिव्हेट करत गेलात तर ती वाकते. आधी दर दहावा रिव्हेट, मग मधले, मग उरलेले. हा धडा पंखावर शिकायचा नसतो.

पंखात खरी गोम इंधनटाकीची. 'टाकीचं काम किचकट, शेवटी बघू' हे ऐकलं की माझं डोकं उठतं. पंखाचं काम सुरू झालं की टाकी लवकर घ्या, म्हणजे गळती शोधायला महिने हाताशी राहतात. आधी सगळं कोरडं जुळवा, भोकं डीबर करा (कडांची कूस काढा), डिंपल करा, मग उघडून सांध्याच्या जागा खरवडून तेलकटपणा काढा. दोन भागांचं सीलंट वजनाने मिसळतात, साधारण दहाला एक. डोळ्यांच्या अंदाजाने नाही, ग्रॅमच्या काट्यावर. सीलंटच्या बी-२ प्रकाराला घट्ट होण्याआधी सुमारे दोन तास मिळतात, उकाड्यात त्याहून कमी. म्हणून एका वेळी एक-दोन रिब, जास्त नको. पत्रा आणि रिब यांच्यामध्ये थर, रिव्हेट ओलाच चेपायचा, मग आतून कोपऱ्याला गोलसर भर. इंधन ओढणारी नळी, पातळी मोजणारा सेंडर, हवा आत-बाहेर जाण्याची व्हेंटची नळी हे सगळं मागची भिंत बसण्याआधी जागच्या जागी लागतं. भिंत नेहमी शेवटी, कारण ती बसली की हात संपला.

चाचणीला हवेचा दाब फार तर १ पीएसआय, म्हणजे पाण्याचा सुमारे ७० सेंटिमीटर स्तंभ. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरलं की झाला मापक. कॉम्प्रेसर थेट लावलात तर टाकी फुगून शिवणी उकलतात. टाकीच्या तोंडाला फुगा लावून गळती बघणारेही आहेत. पण खोलीचं तापमान किंवा बाहेरचा दाब बदलला तरी फुगा सैल पडतो, आणि लोक उगाच धाय मोकलतात. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, आणि आधी फिटिंग, झाकणाची गास्केट, सेंडरचे स्क्रू तपासा. बऱ्याचदा गळतं तिथेच. नंतर मागच्या भिंतीचे कोपरे.

पंखाचा खालचा पत्रा शेवटी. त्याआधी वायरीची नळी, वेग मोजणारी पिटोची नळी, बेलक्रँक (नियंत्रणाच्या दांड्याची दिशा वळवणारा तुकडा), ऑटोपायलटच्या मोटारीचा ब्रॅकेट. आज ऑटोपायलट नको असला तरी ब्रॅकेट बसवा.

पंखाच्या मागच्या स्पारचं, फ्युजलाजला जोडणाऱ्या बोल्टचं भोक मात्र पंख फ्युजलाजला लावून, दोन्ही बाजूंचा कोन आणि टोकापासून शेपटीपर्यंतचं अंतर सारखं आल्यावरच पाडतात. कडेपासून अंतर बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट हवंच. ५/१६ च्या बोल्टला ५/८ इंच. म्हणजे आधी काहीही करा, या टप्प्याला दोन्ही लागतात. तयार पंख कडेवर उभे घोडीत ठेवले की भिंतीलगत पट्टाभर जागा घेतात. फ्युजलाज मधोमध ठाण मांडून बसतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

इंजिन सर्वांत शेवटी घ्या. लायकमिंगचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, न चालवता ठेवलेल्या इंजिनात तेल निथळून जातं आणि तिथे गंज चढतो. शिवाय विमान उडण्याआधीच वॉरंटी सरायला लागते, आणि पडद्यावरची उपकरणंही आधी घेतली तर जुनी होतात. 'सवलतीत मिळालं' हा युक्तिवाद मला ऐकवू नका.

एक राहिलंच. हे सगळं अॅल्युमिनियमच्या रिव्हेटवाल्या किटचं. कंपोझिटचं असेल तर गणित वेगळं. काही मॉडेलमध्ये चाकांचे पाय इंजिन माउंटलाच (इंजिन धरणाऱ्या सांगाड्यालाच) बसतात; तिथे माउंट आधी लागतो, इंजिन नाही. आणि तुमच्याकडे बंद करण्याआधी तपासणीचा नियम असेल तर पत्रा रिव्हेट करण्याआधी तपासनीसाला बोलवा. कॅनॉपीचं (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचं) अॅक्रेलिक थंडीत कापू नका, तडकतं.