वाकळ ओली झाली म्हणून पोराला रागावू नकोस

अगं, खानापूरच्या पावसात वाकळ चार-चार दिवस वाळत नाही, तुझा जीव मेटाकुटीला आला असणार. पण ७ वर्षांचं पोर मुद्दाम अंथरूण ओलं करत नाही. मूत्राशय भरलं तरी गाढ झोपेत त्याला जाग येत नाही. काहींत रात्री लघवी कमी करणारं हार्मोनही कमी पडतं. नवऱ्याला हळूच विचार, लहानपणी त्याचंही असंच होतं का. आमच्यात सासूबाईंनी कबूल केलं तेव्हा कुठे घर शांत झालं!

पाणी तोडू नकोस. दिवसभर भरपूर दे, झोपायच्या आधी तासभर थांबव. संध्याकाळचा चहा मात्र बंद. आणि पोट रोज साफ होतं का बघ. आमच्या धाकटीचं निम्मं दुखणं तिथंच होतं.

६ महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, दिवसाही चड्डी ओली होते, जळजळ, सारखी तहान, यातलं काही असेल तर लगेच बेळगावला बालरोगतज्ज्ञांकडे ने. लघवी आणि साखर तपासतील. नाहीतर ओलं होताच वाजणारा अलार्म मिळतो. त्याला २-३ महिने धीर धरावा लागतो, आणि पहिल्या आठवड्यात पोर सोडून सगळं घर जागं होतं.