मोटर जिन्याखाली, आवाज शेजारच्या भिंतीत

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये इंदिरानगरला रो-हाउसमध्ये राहतो. महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवून अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरने आम्ही ते रोज पहाटे गच्चीवरच्या टाकीत चढवतो. मोटर जिन्याखाली, शेजाऱ्यांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीलगत बसवलेली आहे. शेजारच्या आजोबांची तक्रार अशी की, मोटर सुरू झाली की त्यांच्या पलंगामागची भिंत घुमते. आम्ही मोटरखाली रबरी पायपुसणे घातले, वर लाकडी खोके ठेवले; तरीही फरक पडलेला नाही. मोटरच बदलावी का? – एक वाचक भगिनी

उत्तर : मोटर बदलण्याची घाई करू नका, कारण आजोबांच्या तक्रारीतच दुखण्याचे मूळ सांगितलेले आहे. आवाज हवेतून येत असता तर तो आधी आपल्याला असह्य झाला असता. तो भिंत घुमवतो, याचा अर्थ मोटरची थरथर बोल्ट, पाइप आणि चौथरा यांच्या वाटेने बांधकामात शिरते आहे. तानपुऱ्याच्या तारेचा आवाज जसा भोपळ्यामुळे मोठा होतो, तसा आपल्या लहानशा मोटरचा आवाज ती सामाईक भिंत मोठा करते आहे. म्हणूनच वर ठेवलेल्या खोक्याचा उपयोग झाला नाही. उलट ते खोके आधी काढून टाका. मोटरच्या मागचा पंखा बाहेरची हवा ओढून वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) थंड ठेवतो, आणि बंद खोक्यात किंवा गोधडीत गुंडाळलेली मोटर तापून जळण्याचा धोका असतो.

पायपुसण्याने काम का केले नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण बहुतेक घरांत हाच उपाय केला जातो आणि तो फसला की रबराचा उपयोग नाही असे मानले जाते. घरगुती मोटर मिनिटाला साधारण २८०० ते २९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ हेलकावे देते. रबर हे हेलकावे अडवते ते केवळ मऊ असल्यामुळे नव्हे, तर मोटरच्या वजनाने ते पुरेसे दबले असेल तरच. रबर १ मिलिमीटर दबले तर या हेलकाव्यांच्या जोराचा जेमतेम आठवा हिस्सा खाली उतरतो. पण तेच रबर कडक असून केवळ ०.१ मिलिमीटर दबले, तर त्याची स्वतःची लय मोटरच्या लयीशी जुळते आणि थरथर कमी होण्याऐवजी वाढते. दहा-बारा किलोची मोटर एका रुंद, कडक पायपुसण्यावर ठेवली की नेमके असेच घडण्याचा संभव असतो.

यावर उपाय असा की, आधी वजन वाढवावे आणि मग रबराचे क्षेत्रफळ कमी करावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन इंच जाड काळा दगड घ्यावा, त्याचे वजन २५ किलोच्या आसपास भरते. मोटर बोल्टने या दगडावर पक्की बसवावी आणि दगडाच्या केवळ चार कोपऱ्यांखाली मऊ रबराचे जाड ठोकळे किंवा यंत्रांखाली बसवतात तसले रबरी माउंट ठेवावेत. माउंट घेताना दुकानदाराला मोटर आणि दगड मिळून एकूण वजन सांगावे, कारण जड यंत्रासाठी केलेले माउंट आपल्या मोटरखाली दबणारच नाहीत. दगड जमिनीला किंवा भिंतीला कोणत्याही बाजूने टेकता कामा नये आणि त्यातून खाली चौथऱ्यात जाणारा एकही बोल्ट असू नये. आपल्याकडे जुने बोल्ट पायपुसण्यातून आरपार चौथऱ्यात गेलेले असतील, तर रबराला वळसा घालून थरथर त्यांतूनच उतरत असणार.

एवढे करूनही पाइप तसेच राहिले तर निम्मे काम वाया जाईल. मोटरमधून निघालेला कडक पाइप ज्या क्लॅम्पने त्या भिंतीवर आवळला आहे, तो क्लॅम्प आजोबांच्या पलंगामागेच असावा अशी मला दाट शंका आहे. मोटर चालू असताना हाताचा तळवा क्लॅम्पजवळ भिंतीवर ठेवून पाहा. थरथर तेथे सर्वांत जास्त जाणवली तर सुरुवात तेथूनच करा. डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी वर जाते त्या बाजूला एक-दीड फूट लांबीचा, दाब सोसणारा लवचीक होज जोडावा. सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढले जाते त्या बाजूला मात्र आत तारेची गुंडाळी असलेलाच होज हवा, कारण साधा होज मोटरच्या ओढीने आत चेपतो. पाइपाचे क्लॅम्प रबरी अस्तराचे घ्यावेत आणि शक्य असल्यास पाइपच सामाईक भिंतीवरून काढून जिन्याच्या बाजूला न्यावा. पाइप भिंतीतून आरपार जातो तेथले सिमेंट फोडून भोवती मऊ फोम भरणेही उपयोगी पडते, आणि प्लंबरला हे काम तासाभराचे आहे.

या सर्वांआधी मोटर निरोगी असल्याची खात्री करून घ्या. बटण बंद करताच आवाज त्याच क्षणी थांबला तर तो विजेच्या चुंबकत्वाचा घुमारा असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो १०० हर्ट्झचा असतो आणि थोडा घुमारा प्रत्येक मोटरला असतोच. फिरणे मंदावेपर्यंत घरघर चालू राहिली तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. अशा वेळी बेअरिंगबरोबर पंपाचे सीलही बदलून घ्यावे, कारण गळक्या सीलमधून पाणी शिरले की नवे बेअरिंगही लवकर जाते. पंपाच्या तोंडाशी तडतड ऐकू येत असेल तर पाणी अपुरे ओढले जात आहे. फुटव्हॉल्व्हची (टाकीत सक्शन पाइपाच्या टोकाला असलेल्या झडपेची) जाळी तुंबलेली असते, सांध्यातून हवा शिरते किंवा सक्शन पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक असतो. पाणी फार खोल असले तरीही ओढ अपुरी पडते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला १०.३ मीटर उचलू शकतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे ही मर्यादा साधारण ९.६ मीटरवर येते, आणि घर्षण वगैरे वजा जाता प्रत्यक्षात ६ मीटरपेक्षा जास्त ओढीची अपेक्षा ठेवू नये. आपली टाकी जमिनीखालीच असल्याने खोलीची अडचण नसावी. जाळी मात्र नक्की तपासा.

आणखी एक गोष्ट आजच करता येईल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली आहे आणि निवासी भागासाठी त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तर दिवसा ती ५५ आहे. जमिनीखालच्या टाकीत साठा असताना गच्चीवरची टाकी पहाटेच भरली पाहिजे असे नाही. संध्याकाळी भरून ठेवली तर आजोबांची झोप तरी आजपासून वाचेल. काम पूर्ण झाल्यावर त्यांच्या खोलीत बसून, त्यांच्यासमोरच मोटर चालवून पाहा. फरक पडला की नाही हे त्यांनीच सांगायला हवे.

प्रश्न : आमची इमारत गंगापूर रोडवर आहे. मोटर चालू असताना आवाज नसतो, पण ती बंद होताच पाइपातून ‘धाड’ असा आवाज येतो. हे धोक्याचे आहे का? – एक वाचक

उत्तर : होय, याकडे दुर्लक्ष करू नये. मोटर थांबली की पाइपातले पाणी उलटे खाली येऊ लागते आणि ते उलटे येऊ न देणारा एनआरव्ही (एकाच दिशेने उघडणारी झडप) उशिरा आपटून बंद होतो. सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी लोखंडी पाइपात एकाएकी अडले तर दाब सुमारे १२ ते १३ बारने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) उसळू शकतो, आणि रोजच्या अशा धक्क्यांनी सांधे सैल होतात. एनआरव्ही काढून त्याच मापाचा स्प्रिंगचा बसवावा. पाणी उलटे फिरण्याआधीच तो बंद होतो. त्याच वेळी उभ्या पाइपाचे सुटलेले क्लॅम्पही आवळून घ्यावेत.